वीरण्णा लावतात, शिवम्मा ऐकतात

वीरण्णा बिराजदारांना बायकोशी बोलणं कधी जमलंच नाही. ही चहाडी नव्हे. ते स्वतःच चारचौघांत सांगतात आणि वर मिशीत हसतात. "बोलायचं काय त्याच्यात? मी लावायचो, तिला कळायचं."

लावायचो म्हणजे गाणं. लातूरला गंजगोलाईच्या बाजारामागच्या एका गल्लीत त्यांचं दुकान होतं. अर्ध्या दुकानात भांडी, अर्ध्यात कॅसेटी. भांडी त्यांच्या वडिलांची, शंकरप्पांची, कॅसेटी अण्णांच्या. आम्ही सगळे वीरण्णांना अण्णाच म्हणायचो. आमचं घर बरोबर समोर. त्यांची मुलगी मंजुषा आणि मी, देविका, एकाच वर्गात. माझे वडील शाळेत मास्तर होते, त्यामुळे आमच्याकडे अभ्यास आणि समोर गाणी, अशी वाटणी होती. मी कुठे जास्त रमले असेन ते सांगायला नको.

दुकानाच्या मागच्या भिंतीला लागूनच त्यांचं स्वयंपाकघर. मध्ये एक जाळीची खिडकी. शिवम्माकाकू त्या भिंतीच्या पलीकडे, अण्णा अलीकडे, आणि अलीकडच्याच बाजूला गादीवर शंकरप्पा. सासऱ्यासमोर सुनेनं नवऱ्याशी बोलायचं नाही, ही त्या घरची रीत. आणि शंकरप्पा सकाळी दुकान उघडल्यापासून संध्याकाळी शटर पडेपर्यंत गादीवरून हलायचे नाहीत. मग नवराबायकोनं करायचं काय? अण्णांनी गाणी लावली.

बासरी लागली की काकू चहा टाकायच्या. कव्वाली लागली की समजायच्या, पाहुणे आलेत, जेवूनच जाणार आहेत. सनई फक्त सकाळी, दुकान उघडल्याची. आणि दुपारी एका बाईच्या आवाजातलं एक संथ भावगीत लागलं की काकू तवा चढवायच्या. गाणं संपता संपता अण्णा हात धुऊन पाटावर. ते भावगीत एरवी दुकानात वाजायचंच नाही. कुणी ऐकायला मागितलं तर अण्णा त्याच्या कानाला हेडफोन लावायचे. एकदा अण्णा माल आणायला गेलेले असताना शंकरप्पांनी स्वतःच्या हातानं यंत्राचं बटण दाबलं आणि भर सकाळी तेच वाजलं. काकूंनी पिठलं-भाकरी करून ताट वाढून ठेवलं. सासरे म्हणाले, "आज काय उपास सोडायचाय का कुणाचा?" काकू बिचाऱ्या काय सांगणार? पुढे कित्येक दिवस आमची गल्ली त्यावर हसली.

संध्याकाळचं गाणं मात्र कुठल्याच कामाचं नव्हतं. शटर ओढण्याआधी अण्णा सतारीच्या साथीचं एक रडवेलं गाणं लावायचे. ते फक्त काकूंसाठी. हे अण्णांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण अख्ख्या गल्लीला माहीत होतं. माझी आई ओट्यावरून हाक मारायची, "शिवम्मा, लागलं गं तुझं!" जाळीपलीकडे काकू पदर तोंडाशी धरून मान फिरवायच्या. लाजल्या, असं आई म्हणायची. आम्हा पोरींनाही तसंच वाटायचं, आणि असा नवरा आपल्याला मिळावा असंही वाटायचं. मला मिळालेला नवरा गाडीत बातम्या लावतो.

पुढे कॅसेटी गेल्या, सीड्या आल्या, त्याही गेल्या. शंकरप्पा वारले. दुकान मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एकाला भाड्यानं दिलं. कॅसेटींच्या पत्र्याच्या पेट्या माळ्यावर चढल्या. मंजूचं लग्न होऊन ती नांदेडला शाळेत शिकवायला लागली. मी लातुरातच, माहेरच्याच घरात राहिले आणि कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. अण्णांच्या घरात आता दोघंच. बोलायला कुणाची आडकाठी नव्हती. पण इतक्या वर्षांची सवय अशी जाते थोडीच? अण्णा घरी जुन्या टेपवर गाणी लावत राहिले आणि काकू चहा आणत राहिल्या.

मग गेल्या वर्षी काकूंना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. व्यायाम करून घेणारी चांगली बाई नांदेडला मंजूच्या घराजवळ होती, म्हणून मंजू त्यांना घेऊन गेली. अण्णा सोबत गेले आणि दुसऱ्याच दिवशी परत आले. मग गेलेच नाहीत. आधी ऊन होतं, मग गुडघे दुखले, मग भाडेकरूचं काहीतरी निघालं. मंजू फोन काकूंच्या कानाला लावायची. अण्णा म्हणायचे, "हं. बरी हायस ना?" पलीकडून काही नाही. मग अलीकडूनही काही नाही. मंजू चिडायची. मीही चिडले होते. नवरा म्हणून काही असतं की नाही?

एक दिवस तसं बोलूनही दाखवलं. तेव्हा अण्णांनी खरं सांगितलं.

"देविका, तिनं मला वळखलं न्हाई. माझ्याकडं बघितलं आन् भितीकडं तोंड केलं. डाक्टर म्हनतेत, किती कळायलंय ते सांगता येत न्हाई. आता परत गेलो आन् परत न्हाई वळखलं तर? हितं बसलो तर निदान मला वाटतंय की वळखत आसंल."

माझा राग तिथल्या तिथे उतरला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ते पिशवीभर कॅसेटी घेऊन आमच्याकडे आले. "ह्यातली गानी नांदेडला जातील का?" मी म्हटलं, "मोबाइलवर पाठवू मंजूला, ती लावेल." अण्णांनी मान हलवली. "मंजूनं लावलेलं न्हाई चालनार. मी हितं लावलं की तिथं वाजलं पायजे. त्याच टायमाला." मी त्यांना हो म्हटलं, पण मनात होतं की दोन दिवसांत हा नाद सुटेल.

नाद सुटला नाही. जुन्या टेपचा रबरी पट्टा वितळून चिकट झाला होता, तो बदलला. आतला हेड कापसाला स्पिरिट लावून पुसला. टेपमधून एक वायर माझ्या जुन्या कॉम्प्युटरला जोडली आणि एकेक कॅसेट आत घ्यायला सुरुवात केली. यात घाई चालत नाही. तासाची कॅसेट तासभरच वाजते. अण्णा खुर्ची ओढून बसायचे आणि मध्येच सांगायचे, ही मुरुडच्या एका आडत्यानं भरून घेतली होती, ही अहमदपूरच्या बसस्टँडवर चहावाल्याला दिली तशीच. ही कुणाच्या तरी लग्नासाठी, लग्न मोडलं, कॅसेट राहिली. मला परीक्षेचे पेपर तपासायचे होते; ते तसेच पडले. मी पण ऐकत बसायचे. आमची गल्ली, आईची ओट्यावरची हाक, रॉकेलचा वास, सगळं त्या खरखरीतून परत येत होतं. आई जाऊन बरीच वर्षं झाली. मला तिची फार आठवण आली.

गाणी कॉम्प्युटरमध्ये जमली की पुढचं काम सोपं होतं. घरातल्या वाय-फायवर तो कॉम्प्युटर ठेवायचा, खोल्यांमध्ये स्पीकर ठेवायचे आणि मोबाइलवरून हवं ते गाणं हव्या त्या खोलीत वाजवायचं. अण्णांच्या घरी बाहेरच्या खोलीत वाजलं, स्वयंपाकघरात वाजेना. बघते तर मध्ये काकूंची मांडणी. भिंतभर स्टीलचे डबे, तांब्याचे हंडे, पितळेच्या पराती, सासऱ्याच्या दुकानातला निवडक माल. एवढ्या धातूतून वाय-फाय पलीकडे जाणार कसं? मी म्हटलं, मांडणी जरा सरकवू. अण्णा आडवे आले. "आजिबात न्हाई. तिनं लावलेली हाय. आली की इचारील." मग काय, स्वयंपाकघरासाठी वाय-फायचा आणखी एक डबा आणला.

नांदेडचं काम उरलं. दोन घरांमध्ये इंटरनेटमधूनच एक खाजगी वाट काढता येते, म्हणजे मंजूच्या घरातला स्पीकर अण्णांच्या घरातलाच आहे असं यंत्राला वाटतं. ते सगळं अण्णांना समजावून सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हंजी भितीला जाळीची खिडकी पाडली म्हन की." मी एका रविवारी एसटीनं नांदेडला गेले आणि काकूंच्या पलंगाशेजारी स्पीकर ठेवून आले. अण्णांना किती सांगितलं, चला. नाही आले.

सकाळी सनई, संध्याकाळी ते सतारीचं. अण्णा रोज लावायचे आणि रोज मला विचारायचे, "मंजूचा काही फोन?" मंजू म्हणायची, अव्वा छताकडे बघत पडते, मान वळवत नाही. मंजू आईला अव्वा म्हणते. हे रोज अण्णांना सांगणं माझ्या जिवावर यायचं. मग मी "झोपल्या होत्या" असं काहीतरी सांगायचे.

आणि एका दुपारी अण्णांनी ते भावगीत लावलं. जेवणाचं. मुद्दाम नाही. मुरुडला एका मयतीला जाऊन उपाशी परतले होते, पायांवर पाणी घेतलं आणि सवयीनं मोबाइलवर बोट पडलं.

नांदेडला मंजू शाळेत होती. सांभाळणारी बाई मागे धुणं वाळत घालत होती. काकू उठल्या. ज्यांना दोघींनी धरून बसवावं लागायचं त्या पलंगावरून उतरल्या आणि भिंत धरत धरत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेल्या. तिथे पडल्या. नशीब, हाड मोडलं नाही. मनगट सुजलं.

मंजूनं फोनवर बापाला अक्षरशः सोलून काढलं. "अप्पा, तिला लकवा झालाय! आता बी भाकरी थापून घ्यायची हाय का तिच्याकून? तुमचं गाणं ऐकून उठली ती सैपाकाला! काहून लावलं?" आणि तिनं स्पीकरची वायर उपटली.

मी धावत समोर गेले. अण्णा भिंतीला टेकून खाली बसले होते. "चूक झाली. लई मोठी चूक झाली," ते म्हणत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं. मग म्हणाले, "पर देविका, ती उठली. म्हंजी कळतंय तिला."

त्यांच्या आवाजातला तो आनंद ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी फटकन बोलले, "अण्णा, त्या भाकरीसाठी उठल्या. तुमच्यासाठी नाही."

मी बोललेलं मागे घेतलं नाही, कारण ते खरं होतं. अण्णांनी विचारलं, "मंग माझ्यासाठी काय आसंल तिच्या मनात, ते कसं कळावं?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही एवढी यंत्रं जोडली, पण सगळी एकाच दिशेनं. अण्णा लावतात, काकू ऐकतात. बटण कायम भिंतीच्या अलीकडेच. काकूंच्या हातात कधी काही दिलंच नव्हतं, ना तेव्हा, ना आता.

माझ्या मुलाचा जुना टॅब होता. त्यावर मी कॅसेटींच्या कव्हरांचे फोटो टाकले, मोठे मोठे, डाव्या हाताच्या बोटाला सापडतील असे. फोटोवर बोट ठेवलं की ती कॅसेट वाजेल, दोन्ही गावांत. खाली एक लाल चौकोन ठेवला. त्यावर बोट ठेवलं की बंद. आवाज कमी-जास्त करायला दोन बाण. मंजू आधी ऐकूनच घेईना. शेवटी एका अटीवर स्पीकर पुन्हा जोडायला तयार झाली, ते जेवणाचं गाणं पार काढून टाकायचं. अण्णांनी ते स्वतःच्या बोटानं पुसलं. पुसल्यावर बराच वेळ चष्मा पुसत बसले.

टॅब काकूंच्या उशाशी जाऊन पडला आणि पडूनच राहिला. त्या त्याकडे बघायच्याही नाहीत. अण्णा मात्र रोज संध्याकाळी सतारीचं लावायचेच. आता त्यांनी मला काही विचारणंही सोडलं होतं.

त्या दिवशी मी सहज त्यांच्याकडे बसले होते. अण्णांनी चहा केला होता, फारच गोड. सतार सुरू झाली, गाणारा रडायला लागला, आणि गाणं मध्येच थांबलं.

"लाइट गेली का?" अण्णा म्हणाले. पंखा तर फिरत होता. त्यांनी पुन्हा लावलं. पुन्हा थांबलं. मी माझ्या मोबाइलवर पाहिलं. कुठल्या यंत्रावरून काय केलं ते तिथे दिसतं. "अण्णा," मी म्हटलं, "नांदेडहून बंद झालंय. काकूंच्या टॅबवरून."

"चुकून हात लागला आसंल."

त्यांनी तिसऱ्यांदा लावलं. या वेळी सतारीला दोन तारा छेडायलाही मिळाल्या नाहीत. आणि मग स्पीकर फुटतो की काय असा दणदणाट सुरू झाला. हलगी! किल्लारीकडच्या एका खेड्यात काकूंचं माहेर. तिथल्या जत्रेतली हलगी काकूंच्या भावानं कधीतरी भरून आणली होती. असला गोंगाट आपल्या दुकानात नको म्हणून अण्णांनी ती पेटीच्या तळाशी टाकली होती आणि विसरून गेले होते. त्या पिशवीनंतर मी माळ्यावरच्या सगळ्या पेट्या सरसकट कॉम्प्युटरमध्ये घेतल्या होत्या, त्यात तीही आली.

गल्लीतली माणसं दारात आली. पुढच्या दुकानातला कव्हरवाला आत डोकावला. अण्णांनी घाईनं आवाज बारीक केला. क्षणात आवाज पुन्हा वाढला. त्यांनी पुन्हा कमी केला, पुन्हा वाढला, आधीपेक्षाही जास्त. "आगं, लोक काय म्हनतील!" अण्णा स्पीकरलाच ओरडले. लग्नानंतर पहिल्यांदाच दोघांचं असं उघड भांडण चाललं होतं, एक लातुरात, एक नांदेडात, आणि मी मध्ये चहाचा कप धरून हसून हसून बेजार.

तेवढ्यात मंजूचा फोन आला. तिला धड बोलता येत नव्हतं. "देविका, अव्वा हसायलीय गं. मांडीवर डाव्या हातानं ठेका धरायलीय. मला टॅबला हात लावू देईना!"

अण्णा खुर्चीत बसले. हलगी वाजतच होती. "म्हंजी," ते हळूच म्हणाले, "ते सतारीचं... तिला आवडतच नव्हतं?"

"तुम्ही कधी विचारलं होतं?"

"इचारायची पद्धत कुठं होती?" मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "येवढी वरसं. रोज लावलं मी. रोज तोंड फिरवायची ती."

मला आई आठवली, ओट्यावरून चिडवणारी. आम्ही सगळ्या बायकापोरी ज्याला लाजणं समजलो तो त्या माउलीचा कंटाळा होता. मला हसू आलं आणि पाठोपाठ रडूही आलं. अण्णांना तर दोन्ही एकदमच आलं. ते उपरण्यानं तोंड पुसत होते आणि पाय मात्र हलगीवर हलत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पांढरं धोतर नेसून आमच्या दारात उभे. "नांदेडला जायलोय. येतीस का? येकटा गेलो तर अहमदपुरातून परत फिरंन." मी कॉलेजात रजा टाकली. गाडीत ते खिडकीतून बाहेर बघत होते आणि ओठ हलत होते. काय बोलायचं त्याची तयारी चालली होती बहुतेक.

मंजूनं दार उघडलं. काकू पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या, टॅब मांडीवर. त्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा दारातच थबकले. मला वाटलं, आता त्या मान फिरवतात आणि हा माणूस आल्या पावली परत जातो. काकू नुसत्या बघत राहिल्या. अण्णा पुढे झाले, काकूंच्या मांडीवरचा टॅब उचलून हातात घेतला, घसा साफ केला. गाडीत केलेली तयारी कुठल्या कुठे गेली असणार.

"शिवम्मा," ते म्हणाले. मी आणि मंजूनं एकमेकींकडे पाहिलं. बापाच्या तोंडून आईचं नाव मंजू जन्मात पहिल्यांदा ऐकत होती. "काय लावू? तुला काय ऐकायचं?"

काकू किती तरी वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. मग त्यांनी डावा हात लांब केला आणि टॅब अण्णांच्या हातातून काढून घेतला. तो बाजूला ठेवला. त्याच हातानं आपला जड झालेला उजवा पाय उचलून भिंतीकडे सरकवला, आणि पलंगावर नवऱ्याला बसायला जागा केली.